वजा चाळीस

वैशाखातली दुपार, अक्कलकोट रोड.
पत्र्याखालचा पाना उचलला तर बोटाला चटका
आणि स्कॅनरवर हत्तुरे मॅडमची गाडी सांगते:
आत येणारी हवा वजा चाळीस.

मौलाली हसला,
"उस्ताद, सोलापुरात बर्फ पडला की काय?"
मॅडम हसल्या नाहीत.
सेन्सर मागच्याच महिन्यात बदललाय, कंपनीचा,
पावती पर्समध्ये आहे.
तरी धूर काळा, लिटरला जेमतेम नऊ,
आणि जावई म्हणतात, विकून टाका.

मी प्लग काढून दाखवले,
चौघंही काजळात बुडालेले.
म्हटलं, मॅडम, गाडी भाबडी आहे हो.
तिला वाटतं बाहेर कडाका पडलाय,
म्हणून ओतते पेट्रोल,
नको नको म्हणताना पानात आमटी वाढणाऱ्या
आत्याबाईसारखी.

जुना सेन्सर कुठाय?
त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढला,
रुमालात गुंडाळलेला.
काही टाकवत नाही मला, म्हणाल्या.

मीटरच्या दोन सुया त्याच्या दोन पायांना.
अकराशे ओहम.
मुठीत धरला तर आकडा वर सरकायला लागला:
बाराशे, साडेबाराशे, तेराशे.
मला क्षणभर कळेना.
मग लक्षात आलं,
त्रेचाळीसच्या उन्हात
माझा तळहात त्याला गार लागत होता.
मौलालीच्या सोड्याच्या ग्लासाला टेकवला,
तीन हजारांच्या पुढे गेला.

म्हणजे हा शहाणा होता.
उगाच बदनाम झाला.

मग सॉकेट उपसलं.
एका तारेत पाच व्होल्ट, बरोबर.
दोन्ही तारा पिनेने जोडल्या,
आता आकडा उसळायला हवा. वजा चाळीसच.
तीच पिन बॉडीला टेकवली
आणि आकडा एकदम एकशे चाळीस.
जाणारी तार शाबूत. परतीची कुठंतरी तुटलेली.

आता डोळ्यांचं काम संपलं.

नायना साखर पेठेत चादरीच्या मागावर होते.
खडखडाटात काही ऐकू यायचं नाही,
पुढं पुढं घरीही यायचं नाही.
ताण्यातला धागा गेला की माग थांबवायचे,
बोटं पसरून हजार धाग्यांवरून हात न्यायचे,
आणि एका जागी थांबून ओठ हलवायचे:
तेगिंदि. तुटला.
त्या दिवसांत मला वाटायचं, जादू आहे.

मी हारनेसची टेप सोलली,
तार दोन बोटांत धरून सरकत गेलो,
दर इंचाला जरा वाकवत.
सगळीकडे ती परत ताठ होत होती.
बॅटरीच्या पट्टीखाली, जिथं वळण घेते,
तिथं नुसतीच वाकली,
आत हाड नसल्यासारखी.
वरचं रबर कोरं करकरीत.
चिरलं तर तांबं हिरवं पडलेलं, भुगा झालेला.

तेगिंदि, म्हणालो.
मौलाली म्हणाला, क्या?

बोटं गाठ मारायला निघाली होती.
पण तांब्याला गाठ पुरत नाही, डाग द्यावा लागतो.
सहा इंच नवी तार, दोन्हीकडे डाग, वरून नळी,
पट्टीपासून एक बोट लांब बांधली.

किल्ली फिरवली.
वजा चाळीस, मग काही नाही, मग एकावन्न.
बॉनेटखाली असणारच तेवढं.
"आली बघा सोलापुरात," मौलाली ओरडला,
आणि आता मॅडमही हसल्या.

बिल लिहायला बसलो.
तार, वीस रुपये. नळी, दहा.
पुढच्या ओळीवर पेन अडकलं.
शोधायचे काय लावतात?
नायनांना धाग्याचे कुणी दिले नव्हते,
मिळायचे ते चादरीचे.
माग थांबला तेवढा वेळ उलट कापून घ्यायचे.

साडेचारशे लिहिले. खोडले. सहाशे लिहिले.
मॅडमनी वाचलं, काही न बोलता मोजून दिले
आणि जुना सेन्सर परत रुमालात बांधला.