ऐंशीच्या खाली लाल

हिंगणा एमआयडीसीत, कूलरच्या कंपनीत
माझं काम एवढंच : अट लिहायची.
ऐंशीच्या खाली लाल, शंभरावर हिरवा,
मधल्यांना पिवळा.
रंग मी भरत नाही, तो आपोआप उतरतो
आकडा टाकला रे टाकला की.

एप्रिलात तक्ता तापतो.
बाहेर पंचेचाळीस. आत वर्धा हिरवी, भंडारा हिरवा,
यवतमाळ काठावर,
आणि शेवटच्या ओळीत गडचिरोली
सतरा महिने लाल.

तिथला सेल्समन, वैरागडे,
दर पाच तारखेला फोन करतो.
"ताई, माझं घर लाल हाये का अजून?"
घर म्हणजे तक्त्यातलं घर.
मला आधी भलतंच वाटलं होतं.

मुरकुटे साहेब तक्त्यासमोर नुसते बसतात.
लालवर चिडत नाहीत, हिरव्यावर खुलत नाहीत.
आम्ही म्हणायचो, थंड माणूस, कूलरवालाच.
परवा सगळे उठून गेल्यावर
चष्मा पुसत म्हणाले,
"जरा बोट ठेवून दाखव ना,
यातला लाल कोणता?"

मग बऱ्याच वेळानं, खिडकीकडे बघत :
"मला दोन्ही एकच. मातकट. लहानपणापासून.
संत्रंसुद्धा मी वास घेऊन घेतो.
तशीही आंबियाची साल हिरवीच असते पुष्कळदा
अन् आत साखर."

सहा वर्षं. बहात्तर तक्ते
मी मातीनं सारवले होते.

त्या संध्याकाळी सगळ्या अटी पुसल्या.
स्क्रीनवर तक्ता राखेसारखा पडला,
आणि पहिल्यांदाच शेवटची ओळ मी
वाचली :
एकेचाळीस. चव्वेचाळीस. एकोणपन्नास.
सत्तावन्न. त्रेसष्ट.
माणूस जिना चढत होता
आणि मी पायरीपायरीला
त्याला तोच रंग फासत होते.

एकच घर रंगवलं. निळं.
निळा दिसतो साहेबांना, विचारून घेतलं.
बाकी सगळं करडं राहू दिलं.

पाच तारखेला फोन.
"ताई, निळा म्हणजे काय जी? पास का नापास?"
असा काही अर्थ मी कुठे लिहून ठेवला नव्हता.
"निळा म्हणजे," म्हटलं,
"साहेब इथं थांबले होते. बराच वेळ."

पलीकडे कुठल्या तरी दुकानात
कूलर घरघरत होता, आमचाच असावा.
"बाप्पा," एवढंच म्हणाला वैरागडे,
आणि त्यानं फोन ठेवला नाही.