होडीला ब्रेक नसतो

उम्म अल-क्वैनच्या धक्क्यावर पहाटे
अकरा सायकली भिंतीला टेकून,
आणि पाण्यात एक जुनं लाकडी गलबत.
आम्ही दिवसभर किनाऱ्यानं पेडल मारायचं,
त्यानं समुद्रातून यायचं,
संध्याकाळी पुढच्या बंदरात भेटायचं.
माहितीपत्रकात एवढंच होतं,
आणि हेल्मेट सक्तीचं.

वाटाडी फेना, हॉलंडची.
सहा वर्षं इथं, तरी दर मार्चात नाक सोलून निघतं.
म्हणाली, आमच्याकडं आता ट्युलिपची शेतं फुलली असतील,
रंगांचे पट्टेच्या पट्टे,
वाळत घातलेल्या लुगड्यांसारखे.
लुगडी माझी. तिनं नुसते हात पसरले होते.

मी पन्नाशी उलटलेली,
बेसिनं बनवणाऱ्या कंपनीत हिशेबनीस.
मिरजेत वडलांच्या सायकलीच्या नळीतून पाय घालून शिकले,
त्यानंतर थेट हीच.

जझीरत अल-हमराच्या ओसाड गल्लीत
वारा धरायचे मनोरे.
फेना मान वर करून म्हणाली,
आम्ही वाऱ्याला दळायला बसवलं,
पाणी उपसायला लावलं.
यांनी त्याला नुसतं घरात बोलावलं.

रम्सच्या अलीकडे खजुराची बाग.
दिलावर नावाचा एक बलुची कमरेला दोर बांधून
मादीच्या मोहोरात
नराच्या चार काड्या खोचत होता.
वारा होता की भरपूर,
पण वाऱ्यावर त्याचा भरवसा नव्हता.
भुवयांवर पिवळट पीठ.
इथला वसंत असा
झाडावर चढून आणावा लागतो.
खाली आम्ही अकराजण हँडलं धरून,
अक्षता पडल्यावर पोचलेलं वऱ्हाड.
मला शिंक आली.

रात्री गलबतावर सुरमई आणि भात.
फेना सांगत होती, आमच्याकडं कालवा उंचावर,
शेत खाली. नावेतून वाकून बघितलं
की खाली गाई चरताना दिसतात.
मी तांडेलाला मराठीत सांगितलं.
शौकतभाई पावसकर, हर्णैचे.
डाव तसाच हातात धरून म्हणाले,
"म्हणजे गाय खाली नि गलबत वर?
बाई, तिला सांगा,
एवढं मीठ मी पण नाही घालत."

सगळे झोपल्यावर हळूच आले.
"एक विचारू? ती सायकल... उभी कशी राहते?"
एक्केचाळीस वर्षं दर्यावर. बसरा, बंदर अब्बास,
पार बोसासोपर्यंत.
सायकलीवर कधी बसले नव्हते.
आधी पैसा नव्हता, मग जमीन नव्हती.

धक्क्यावर एकच ट्यूबलाइट, तीही फडफडणारी.
मी कॅरियर धरलं.
"चाकाकडं नका बघू, पुढं बघा."
"पुढं कशाकडं? काळोख आहे नुसता."
"रोज कशाकडं बघता?"
हसले. हसण्यात तोल गेला, सापडला,
आणि कॅरियर माझ्या हातातून कधी सुटलं
ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं:
पाठ एकदम तरुण झाली होती.

धक्का संपत आला तसे वळले,
हँडलानं नाही, सगळ्या अंगानं,
गलबत वळतं तसे, सावकाश, लांबूनच ठरवून.
थांबायचं मात्र कुणी शिकवलंच नव्हतं.
मासे धरायच्या तारेच्या पिंजऱ्यांत
सायकलीसकट शिरले.
उताणे पडून आकाशाला म्हणाले,
"होडीला ब्रेक नसतो, बाई."
गुडघ्याला हळद मीच लावली.

पाचव्या दिवशी शामला पोचलो.
फेनानं सायकली मोजल्या. अकरा.
हेल्मेटं अकरा. पंप दोन.
माझ्या हँडलावरची घंटी नव्हती.
स्क्रू मीच सैल केला होता पहाटे,
दहा दिरहमच्या नाण्यासारखी थंड, हातात मावेल एवढी.
(दहा दिरहमचं नाणं नसतं, माहीत आहे मला.
हिशेबनीस आहे मी.)

फेनाला म्हणाले, वाटेत पडली असेल कुठंतरी.
तिनं वहीत तसं लिहून घेतलं.

गलबत परत फिरलं, रिकामं,
बरंच लांब गेलं,
आणि सुकाण्याच्या बाजूनं
एकदा वाजलं.