गडीपार

कागद कन्नडात होता.
फौजदारानं पंचायतीत मोठ्यानं वाचला,
आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं
जणू मीच लिहिलाय.
सहा महिने जिल्ह्यात पाय टाकायचा नाही.
'गडीपारू', एवढा एकच शब्द मला कळला.
त्यांच्यात गडी म्हणजे शीव.
आमच्यात गडी म्हणजे माणूस.
शीव बाचीच्या वेशीबाहेर होती तिथंच राहिली,
माणूस पार झाला.

डांबराचा रंग बदलतो तिथं जीप थांबली.
लुमाण्णा उतरला, पिशवी घेतली,
शंभर पावलं चालला
आणि शिनोळीत, दुसऱ्या राज्यात,
चहाच्या टपरीवर जाऊन बसला.
झालं.

आता माझं ऐका.
माझी फौंड्री शिनोळीत.
रोज साडेसहाला टीव्हीएस घेऊन
मी त्याच टपरीवरून जातो.
ज्या गावात मी नुसता झोपायला असतो
तिथं तो येणार नाही, याची हमी सरकारनं घेतली.
दिवसाची कुणाकडं मागू?
"त्या बाजूचं आमच्या हातात नाही," वकील म्हणाले.
हात म्हटल्यावर
मी माझा खिशात घातला.
पहारीचा घाव. तीन बोटं आकड्यासारखी वाकली
ती वाकलीच.
साचा ठोकायला डाव्या हातानं शिकलो.

पहिला आठवडा हेल्मेटची काच खाली ठेवून गेलो.
दुसऱ्या आठवड्यात त्यानंच मान फिरवली.

मग एका बुधवारी वेशीवर भरमाक्का,
त्याची आई.
गुडघे धरून बसलेली, पदराखाली डबा.
"तू जातोसच की रे तिकडं."
एवढंच. माफी नाही, रडणं नाही.
वाटभर उकडलेल्या रताळ्यांचा वास.
ओढ्यात टाकणार होतो, खरं सांगतो.
पुलावर गाडी बंदही केली.

टपरीवर डबा पुढं केला
तो उजव्या हातानं,
मुद्दाम.
कडी वाकल्या बोटांत अडकलेली, सुटेना.
लुमाण्णाला उठावं लागलं.
बोटं धरावी लागली, एकेक करून,
कधीच न धरल्यागत.
"आई बरी हाय न्हवं?"
"हाय."
मागं कुणीतरी बशीत चहा ओतत होतं,
ते थांबलं.

मुदत दसऱ्याला संपते.
पुढचं कागदात नाही.
डब्याबद्दलही काही नाही.
संध्याकाळी परतताना तो बाकड्यावर ठेवलेला असतो,
रिकामा,
न धुतलेला.