कारण, एका ओळीत

फॉर्मात रकाना क्रमांक अकरा:
अपघाताचे कारण.
पुढे टिंबाटिंबांची एकच ओळ, वीतभर.

माझ्याआधीच्या साहेबांची अक्षरं फायलीत आहेत.
'कामगाराचा निष्काळजीपणा.'
वीतभर ओळीत नेमकं बसतं,
वर पूर्णविरामालाही जागा उरते.

साखरी नाट्याच्या बर्फ-कारखान्यात
विश्राम कुळयेचा उजवा हात क्रशरने घेतला,
मंगळवारी, संध्याकाळी सहा दहाला.
दोन टोपल्या बर्फ लाल झाला.
बाकीचा होड्यांत गेला, भरती उलटायच्या आत.

प्रशिक्षणात शिकवलं होतं:
चिरे उभे करा एका ओळीत, पहिल्याला धक्का द्या,
शेवटी जो पडतो तो माणूस.
मधला एक चिरा काढून घ्या, पडझड थांबते.
पुण्यातल्या त्या वर्गात
पंखेसुद्धा एका चालीनं फिरत होते.

इथे मी विचारलं, हात आत का गेला?
लादी अडकली.
का अडकली?
चार बोटं रुंद होती.
रुंद का?
साचे मोडीतले, दुसऱ्या कारखान्याचे.
मोडीतले का?
जुने खाऱ्या हवेनं खाल्ले,
आणि शेठ म्हणाले, दोन हंगाम बांगडाच नाही, नवे कुठून आणू?
पाचदा 'का' विचारा, असं सांगितलेलं.
सहाव्यांदा कुणाला विचारायचं, ते नाही सांगितलं.
खिडकीतून समुद्र दिसत होता. त्याचा जबाब घेता येत नाही.

सकाळी खानावळीत घावनं आली, चार, एकावर एक.
प्रत्येकाला जाळी,
पण याचं भोक त्याच्या भोकावर येत नाही,
म्हणून नारळाचा रस वरच राहतो.
मी ओतत गेलो, बघत गेलो.
एका जागी तो सरळ खाली उतरला, ताटापर्यंत.
रुंद लादी जाईना म्हणून काढलेली संरक्षक जाळी.
बंद करायचं बटण भिंतीच्या पलीकडे.
मदतनीस पोरगा लिलावाकडे धाडलेला.
बर्फ ढकलायचा बांबू आदल्या दिवशी मोडलेला.
आणि नावाचा विश्राम, सोळा तास उभा.
खानावळवाल्या फातिमाबी म्हणाल्या,
"खावा ना साहेब, निवतायत."

लतीफ तांडेल जेटीवर जाळं विणत होता.
मी म्हटलं, एवढं सगळं समोर होतं,
कुणालाच कसं दिसलं नाही?
त्याने सुई थांबवली नाही.
हनुवटीनं खाडीच्या तोंडाकडे दाखवलं.
ओहोटी होती,
खडकांच्या काळ्या पाठी उघड्या, शिंपल्यांसकट,
शाळेतलं पोर मोजील अशा.
"आता काय, तुम्हीपण होडी घालाल यातून," तो म्हणाला.
"भरतीला या."

रत्नागिरीला, सिव्हिलमध्ये,
विश्राम पांढऱ्या गुंडाळीकडे न बघता बोलला:
"चूक माजीच लिवा, सायब.
शेठवर आलं तर कारखाना बंद व्हईल.
माज्या नावावर घातलं तर खर्च तरी देतील."
त्याची बायको, सुगंधा, दारात उभी होती.
तिने मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही,
आणि मी विचारलंही नाही.
जबाबात ती मान कुठेच नाही.

रात्री विश्रामगृहात कारखान्याची जुनी वही उघडली.
गेल्या वर्षीची तपासणी, मार्च महिना, निळी शाई.
संरक्षक जाळी: आहे.
मला आठवलं, तेव्हाही ती भिंतीला टेकूनच होती.
जवळ कुणाची तरी छत्री होती, एक डबा होता.
बाहेर जीप उभी होती, जैतापूरला पोचायचं होतं, ऊन चढत होतं.
जाळी होती.
होती, म्हणून आहे.

मग मी रकाना अकरात लिहायला लागलो.
वीत संपली तशी बारात उतरलो, तेरात,
समासात, कागद फिरवून कडेनं,
साचे, बांबू, बटण, बांगडा, मार्चमधलं ऊन.
खाली सहीला जागा उरली नाही.

सही मी गेल्या वर्षीच केली आहे.