हलफ

औशाच्या कचेरीत भुजंगअप्पा पाटलानं
दोनदा हात वर केला.

पहिल्यांदा, फसली तेराशे अडतीस.
पेशकारानं उर्दूतून वाचलं,
अप्पाला कळलं ते एवढंच : वफादार.
दुसऱ्यांदा, पोलीस ॲक्शननंतर.
टेबल तेच, टोपी वेगळी,
भिंतीवर काढलेल्या तसबिरीचा
पांढरा चौकोन.
या वेळी मराठी. तीही तहसिलीची, जड.

दोन्हीदा डावा हात
आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला.
ते काही कागदावर आलं नाही.

आणि शिवेच्या भांडणात
डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन
भर उन्हात, अनवाणी
हद्द चालून दाखवणारा सटवा येसकर?
त्याच्याकडून हलफ
कुणी लिहून घेतलाच नाही.

तो वळला, तिथंच
बांध अजून वळतो.