निर्लेखनाची यादी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात
शाळेच्या पत्र्याखाली कपाट उघडलं
की आधी हवा बाहेर येते,
तव्यावरून उतरल्यासारखी.
डिंक पाघळलेला, शिवण सैल,
पुस्तकं एकमेकांना टेकून बसलेली,
चोपड्याच्या स्टँडवर शेवटच्या गाडीला बसतात तशी.

साहेबांचा निरोप आहे:
खराब पुस्तकांची यादी करा, तीन प्रतींत.
अनुक्रमांक, दाखल क्रमांक, नाव, किंमत, कारण.
कारणाचा रकाना सगळ्यात अरुंद आखलाय.

वेणूबाईंनी खिचडीच्या चुलीवर खळ शिजवलीय,
गव्हाचं पीठ, चिमूटभर मोरचूद.
"पोरंसले बोटं चाटू देऊ नका, मॅडम,"
म्हणत पातेलं माझ्याकडे सरकवतात.

वरच्या फळीवर मोठ्या अनुदानाचा संच.
जाड, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांत उपदेश.
अकरा वर्षं कुणी मागितला नाही.
हात लावला तर पोकळ.
वाळवीने पहिल्या पानापासून
नेमाने वाचून काढलाय सगळा.
पुठ्ठे तेवढे ताठ,
पाहुणे आले की उभं राहायचं असतं ना, तसे.

कारण: वाळवी.

मी निवडलेली मधल्या फळीवर.
जळगावच्या दुकानात स्टुलावर बसून
मधलंच एखादं पान काढायचं, हळू वाचायचं.
गठ्ठे बांधणारा पोरगा सुतळी धरून थांबला
तर ते पुस्तक घ्यायचं.
अडीच हजारांत दुसरी कसोटी परवडत नाही.
तरीही चुकले.
समुद्राचं चालेल वाटलं, ते अजून कोरं आहे.
बर्फाच्या घराचं नको नको म्हणत घेतलं,
तीनदा शिवून झालं,
आणि मे महिन्यात त्यालाच नंबर लागतात.

दाखल क्रमांक दोनशे सात.
बकरी आणि नदीची गोष्ट.
पानापानावर केळीचा चीक, काळा पडलेला,
कापणीच्या दिवसांत कोणाच्या घरी गेलं होतं
ते रजिस्टर न बघता सांगता येतं.
शेवटचं पान मी इथे येण्याआधीच गेलंय.
लांडगा काठावर, बकरी काठावर,
मध्ये पाणी, आणि पुठ्ठा.

पुठ्ठ्याच्या आत हर्षालीची पेन्सिल:
मंग बकरी घर उनी. तिले ताप व्हता.
तिच्याखाली कुणीतरी नाव बांधलीय,
नावेत दोघं, लांडग्याच्या हातात वल्हं.
रुमला पावराने बकरीला डोंगरात वर नेलंय,
त्यातले दोन शब्द मला येईनात,
त्याच्या बहिणीला विचारले.
ती हसली. सांगितले नाहीत.

जानेवारीत मी नवी प्रत आणली, शेवटासकट.
मोठ्या हौसेने वाचून दाखवली.
लांडगा बुडतो. बकरी शहाणी ठरते. तात्पर्य.
बसकरपट्टीवर सगळे गप्प.
मग भाग्येश उठला, चड्डी सावरत:
"हाऊ शेवट खोटा शे, मॅडम.
बकरी पानीमा गयीच नई."
आणि मागून तीन-चार माना हलल्या,
साक्षीदारांच्या हलाव्यात तशा.

नवी प्रत तेव्हापासून वरच्या फळीवर आहे.
वाळवीला अजून पत्ता लागलेला नाही.

आता यादी.
दोनशे सातसमोर मी लिहिते: अपूर्ण.
खोडते.
जीर्ण, लिहिते. तेही खोडते.
रकाना भरून गेला, शाई पलीकडे उतरली,
म्हणून कागदच बदलते.
नव्या कागदावर दोनशे सहानंतर दोनशे आठ.
साहेबांनी विचारलं तर म्हणेन, वाटपात आहे.
खोटं नाही ते.

खळ अजून कोमट आहे.
"आखो काही चिटकाडनं शे का?" वेणूबाई विचारतात,
पातेलं घासायची घाई.
थांबा म्हणते.
गेल्या वर्षीच्या हजेरीपटात
काही कोरी पानं उरलीत.
चार पुरतील बहुतेक.
पाच फाडते.