शेऱ्याचा रकाना

वही असते गोखलेनगरात,
किसनलाल परदेशींच्या इस्त्रीच्या दुकानात,
सुतळीने खिळ्याला बांधलेली, कोळशाचा वास लागलेली.
टेकडीवरून उतरताना जो तो लिहितो:
दिनांक, झाडाचा क्रमांक, पान, फूल, फळ.
आणि अगदी उजवीकडे, बोटभर, शेरा.

पहिल्या वर्षी आम्ही भांडलोच जास्त.
पहिलं फूल म्हणजे नक्की कोणतं?
पांगाऱ्याच्या कळीला लाल रेघ दिसली की धरायचं,
की मैनेनं चोच घातल्यावर?
अकरा जणांत मत घेतलं. सहा विरुद्ध पाच.
हरलेल्यांतले तिघे आठवडाभर
दुसऱ्या वाटेने टेकडी चढले.

टिकला तो एकच नियम, तोही दाभाड्यांचा.
दाभाडे सिमला ऑफिसातून निवृत्त.
उभी नोकरी पर्जन्यमापकातलं पाणी मोजण्यात गेली,
त्याहून जास्त दिवस, पर्जन्यमापकातला कोरडेपणा.
"नाही पडला तर शून्य लिहायचं," ते म्हणतात.
"रिकामं सोडायचं नाही.
शून्य म्हणजे आपण गेलो, पाहिलं, नव्हतं.
रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही."

मग वही शून्यांनी भरत गेली.
सालई, जानेवारीभर: शून्य, शून्य, शून्य.
मोई, नुसत्या काठ्या: शून्य.
मधेच रेवाचं सातवीतलं अक्षर:
"गणेर. फूल १. पिवळं. मी हात लावला नाही."
गुलाबताई खुडे कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर लावून येतात,
लिहीत नाहीत, सांगतात. किसनलाल लिहितो,
एक हात पेनावर, एक इस्त्रीवर:
"सिग्नलच्या सातविणीला रात्री वास सुटला. डोकं धरलं."
ते झाड यादीत नाही.
नोंद राहू दिली.

दाभाड्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं
तेव्हा त्यांच्या पाळीचे नऊ दिवस कोरे गेले.
मी म्हटलं, टाकू भरून,
या दिवसांत उंदीरमारी फुललेलीच असते.
हिरव्या पट्टीआडून ते म्हणाले,
"असते, ते पंचांगात लिहा."

क्रमांक सात, वावळ.
फेब्रुवारीत पानांच्या आधीच लगडायची,
हिरवट, कागदी चकत्या;
पोपट निम्म्या कुरतडून खाली टाकत,
जनवाडीची पोरं उरलेल्या सोलून खात.
रस्त्याच्या कामात गेली. मंगळवारी.

बुधवारी दाभाडे बुडख्यापाशी उभे राहिले,
इतर झाडांपाशी राहतात तेवढाच वेळ.
खाली येऊन लिहिलं:
पान शून्य. फूल शून्य. फळ शून्य.
शेऱ्यात काही नाही.

गुरुवारी माझी पाळी होती.
एवढंसं वर्तुळ,
पण पेन कुठून सुरू करायचं ते सुचेना.

पावसाळा गेला.
किसनलालने एकदा विचारलं, सातचं किती दिवस लिहिणार?
कुणी म्हटलं, बघू. कुणी शर्ट मोजून घेतले.

ऑक्टोबरात एका सकाळी रेवाच्या अक्षरात:
"सात. पान ०, फूल ०, फळ ०.
शेरा: थिरथिऱ्या आला. बुडख्यावर बसला.
शेपूट थरथरवली. गेला."

दाभाड्यांनी नव्या डोळ्याने वाचलं.
म्हणाले, "ही झाडांची वही आहे."
पान उलटलं. परत मागे आणलं.
"किती वाजता?"
रेवाकडे घड्याळ नव्हतं.
"गुलाबताई गाडीला कुलूप लावत होत्या तेव्हा."
"म्हणजे सात पाच,"
इस्त्री न उचलता किसनलाल म्हणाला.

शेऱ्यात जागा उरली नव्हती.
दाभाड्यांनी चष्मा पुसला
आणि समासात, आडवं, लिहिलं:
७.०५.